व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला न्यूमोनिया झाला हे डॉक्टर कसं ओळखतात?



परिसर अभ्यासात श्वसनाचा पाठ चालू होता. एका मुलाने हात वर केला. त्याच्या आजोबांना कापसावर फवारणी करताना विषबाधा झाली होती आणि ते अंबाजोगाईला व्हेंटिलेटरवर होते. म्हणाला, "गुरुजी, मशीन श्वास देतीय, मग न्यूमोनिया कसा झाला?" मला नीट उत्तर देता आलं नाही. मग वाचलं, एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते इथे मांडतो.

व्हेंटिलेटरची नळी तोंडातून श्वासनलिकेत जाते. आपल्याला ठसका लागतो, खोकला येतो, ही खरं तर फुफ्फुसाची राखण. नळीमुळे तीच बंद पडते. नळीभोवती हवेचा छोटा फुगा असतो, तरी तोंडातली लाळ त्याच्या कडेने थोडी थोडी खाली झिरपते, आणि नळीच्या आत जंतूंचा चिकट थर बसतो. नळी टाकल्यावर ४८ तास उलटून गेल्यावर जो न्यूमोनिया होतो, त्याला व्हेंटिलेटरशी संबंधित न्यूमोनिया म्हणतात.

खरी अडचण ओळखण्यात आहे. दिवाळीनंतर वर्गातला मुलगा दिसेनासा झाला, तर तो आजारी आहे की आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला, हे नुसत्या हजेरीपटावरून कळतं का? शेजारच्या घरी विचारावं लागतं. इथेही तसंच. ताप दुसऱ्या कारणानेही येतो. एक्स-रेमध्ये पांढरा डाग दिसला तर ते फुफ्फुसात साचलेलं पाणीही असू शकतं. म्हणून डॉक्टर खुणा एकत्र बघतात: एक्स-रेवर नवा डाग, ताप, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर किंवा ४,००० च्या खाली, नळीतून येणारा पिवळा-हिरवा घट्ट बेडका, आणि ऑक्सिजनची वाढती गरज. १९९१ साली अशा खुणांना गुण देण्याची पद्धत आली, १२ पैकी ६ पेक्षा जास्त म्हणजे संशय पक्का. (आपल्या गुणपत्रिकेसारखंच, आणि तिच्यासारखीच कधी कधी फसवी!)

मग नमुना. नळीतून बारीक नळी घालून बेडका ओढतात, किंवा दुर्बीण घालून फुफ्फुसाचा भाग सलाईनने धुऊन ते पाणी घेतात. प्रयोगशाळेत जंतू वाढवून मोजतात. जंतू नुसते सापडले म्हणजे आजार झाला असं नाही, नळीत ते असतातच. ओढलेल्या बेडक्यात मिलीलिटरला साधारण १ लाख आणि धुतलेल्या पाण्यात १० हजार, ही सीमा धरतात. २००६ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी ७४० रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या; २८ दिवसांतल्या मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. म्हणजे दुर्बीण नसली तरी काम अडत नाही. आपल्या भागासाठी मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पालकहो, रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टर अंदाजाने अँटिबायोटिक सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर बदलतात. "रोज औषध बदलतात, यांना काही कळत नाही" असं बाहेरच्या बाकड्यावर आपण बोलतो. औषध सुरू करण्याआधी नमुना गेला का, एवढं मात्र जरूर विचारावं.

त्या मुलाच्या आजोबांचंही औषध तिसऱ्या दिवशी बदललं. नंतर नळी निघाली, घरी आले. आवाज अजून घोगरा आहे. मुलगा वर्गात त्यांची नक्कल करून दाखवतो.