वसई रोड

आपल्यापैकी बरेच जण लोकलने शाळेत येतात. नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार ही नावे तुम्हांला पाठ असतील. पण 'वसई रोड' या नावात 'रोड' कशासाठी, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला का?

मला तो पडला माझ्या मामूंमुळे. ते मालेगावहून एका निकाहासाठी पहिल्यांदाच वसईला आले होते. निकाह किल्ल्याच्या बाजूच्या मोहल्ल्यात होता. मामू वसई रोडला उतरले आणि 'वसई आली' असे समजून पायीच निघाले. चालून चालून पाय दुखले, किल्ला काही येईना. ते पोहोचले तेव्हा निकाह होऊन जेवणे सुरू झाली होती.

रेल्वेच्या नावांत 'रोड' म्हणजे ज्या स्थानकावरून त्या गावाकडे रस्ता जातो ते स्थानक. गाव स्वतः दूर असते. जुनी वसई आणि तिचा किल्ला पश्चिमेला, खाडीच्या मुखाजवळ आहे. लोहमार्ग मात्र पूर्वेकडून गेला. भाईंदर आणि नायगाव यांच्यामध्ये तो पाणजू बेटावरून खाडी ओलांडतो. त्यामुळे वसईचे स्थानक नवघर-माणिकपूर भागात आले. याच मार्गावर पुढे केळवे रोड, डहाणू रोड, बोर्डी रोड ही स्थानके लागतात.

हा मार्ग फार जुना आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅक बे स्थानकापर्यंत पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. दिवसाला एकच गाडी जाई आणि एकच परत येई! १९३६ साली विरारपर्यंत विजेवर चालणारी गाडी आली. आज विरार लोकलमध्ये पाय ठेवायलाही जागा नसते, ते तुम्ही रोज पाहताच.

आता स्थानकावरील घोषणेकडे कान द्या. 'जलद गाडी' हे शब्द ऐकू येतील. हा 'जलद' म्हणजे आपल्या उर्दूतील 'जल्द'चा भाऊच. जलद गाडी काही स्थानकांवर थांबत नाही. 'फलाट' म्हणजे प्लॅटफॉर्म आणि 'रूळ' म्हणजे पटरी.

हे शब्द केवळ परीक्षेसाठी नाहीत. फलाट बदलल्याची घोषणा झाली की काही माणसे घाईने रुळांवर उतरून पलीकडे जातात. एकदा आपल्या शाळेतील एका मुलाने अशी घोषणा ऐकली. लोक रुळांवर उतरत होते, तो मात्र पुलाकडे वळला. जिना चढून उतरेपर्यंत गाडी निघून गेली आणि त्याचा पहिला तास बुडाला. वर्गात येऊन त्याने उशिराचे कारण अडखळत, पण मराठीत सांगितले. मी त्याला रागावले नाही. हजेरीपटात त्याच्या नावापुढे 'हजर' लिहिले.

शब्दार्थ : लोहमार्ग – रेल्वेचा रस्ता, मुख – तोंड, घोषणा – एलान, हजेरीपट – हाजिरीचे रजिस्टर.

स्वाध्याय : मामूंना निकाहाला उशीर का झाला? तुमच्या जवळच्या स्थानकावरील तीन मराठी सूचना वहीत लिहून आणा.