मापणाऱ्याचेही माप

वाण्याची वजने सरकारी निरीक्षक तपासतो व त्यांवर शिक्का मारतो. नौदलाच्या जहाजावर मी हेच काम विजेच्या मीटरांचे करीत असे. याला कॅलिब्रेशन म्हणतात.

खारी हवा, उष्णता आणि इंजिनाची थरथर यांनी मीटर हळूहळू चुकू लागतो. दिसायला मात्र धडधाकट! त्याच्यावर विसंबलो, तर रडारचा चांगला भाग काढून टाकू आणि बिघडलेला तसाच राहील. भर समुद्रात दुसरा भाग आणायचा कुठून?

रीत अशी:
१) मीटर व प्रमाणयंत्र अर्धा तास चालू ठेवून तापू द्यावे.
२) प्रमाणयंत्रातून बरोबर १० व्होल्ट द्यावेत.
३) मीटरने १०.३ दाखवले, तर चूक ०.३ व्होल्ट. सूट ०.१ चीच असेल, तर मीटर जुळवावा.
४) जुळला, तर तारखेची चिठ्ठी लावावी. नाही जुळला, तर बाजूला ठेवावा.

प्रमाणयंत्र मीटरपेक्षा निदान चौपट अचूक हवे. त्याचीही तपासणी किनाऱ्यावर होते. आपल्या देशात ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोचते.

करून पाहा: वर्गातल्या सगळ्या पट्ट्या एकमेकींना लावा. सारख्या भरतात का?