गदिमांच्या गीतांतील देव आणि माणूस

प्रस्तावना

भक्तिगीत म्हटले, की देवाची स्तुती आणि त्याच्याकडे केलेली याचना आपल्याला आठवते. परंतु दुःखाच्या प्रसंगी माणूस देवाला प्रश्नही विचारतो. ‘माझ्याच वाट्याला हे का?’ असे विचारणे म्हणजे श्रद्धा सोडणे होय का? ग. दि. माडगूळकर यांच्या तीन गीतांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करू या.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• गीतातील प्रतिमा ओळखून तिचा अर्थ सांगता येईल;
• संतपरंपरा आणि आधुनिक गीत यांतील नाते स्पष्ट करता येईल.

कविपरिचय

गजानन दिगंबर माडगूळकर (१९१९–१९७७) हे ‘गदिमा’ या नावाने ओळखले जातात. सांगली जिल्ह्यातील माडगूळे हे त्यांचे गाव. कविता, कथा, पटकथा आणि चित्रपटगीते असे विपुल लेखन त्यांनी केले. या पाठातील तिन्ही गीतांना सुधीर फडके यांचे संगीत लाभले आहे.

विवेचन

‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटातील एका गीतात गदिमांनी विठ्ठलाला कुंभाराच्या रूपात पाहिले आहे. माती, पाणी, वारा आणि उजेड एकत्र करून तो घट घडवतो. त्याच्या घटांची उतरंड कधी संपत नाही. प्रत्येक घटाचे दैव मात्र निराळे असते. कोणाच्या वाट्याला लोणी येते, तर कोणाच्या वाट्याला निखारे. घडवणाराही तोच आणि फोडणाराही तोच. डोळे देऊन त्यांच्यापुढे अंधार का निर्माण करतोस, असे कवी त्याला थेट विचारतो.

ही प्रतिमा कवीला परंपरेतून मिळाली आहे. तेर येथील संत गोरोबा हे कुंभार होते. त्यांनी थापटण्याने संतांची मस्तके तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, अशी कथा सांगतात. त्या कथेत भक्त कुंभार आहे. गदिमांच्या गीतात देवच कुंभार झाला आहे. म्हणून येथे परीक्षा घटाची नसून घडवणाऱ्याची आहे.

असे असूनही या गीतात देवाविषयी दुरावा नाही. मराठीत वडीलधाऱ्यांना आपण ‘तुम्ही’ म्हणतो. आईला आणि देवाला मात्र ‘तू’ म्हणतो. जनाबाईंनीही विठ्ठलाला याच हक्काने रागावून बोल लावले आहेत. तक्रार आपल्या माणसाकडेच केली जाते. म्हणजे गदिमांचा प्रश्न हा अविश्वास नव्हे. ती जवळीक आहे.

‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) या चित्रपटातील गीतात आयुष्य हे वस्त्र आहे. त्यात सुखाचा धागा एखादाच. दुःखाचे धागे मात्र शंभर. बालपण, तारुण्य आणि वार्धक्य यांची वस्त्रे वेगवेगळी असतात. परंतु माणूस येतो उघडा आणि जातोही उघडा. येथे देवाचे नाव घेतलेले नाही. विणणाऱ्याचे हात कोणालाच दिसलेले नाहीत, एवढेच कवी सांगतो. विणकर असलेल्या कबीरांनीही देहाला चादरीची उपमा दिली होती.

मग माणसाने दुःख सोसावे कसे? याचे उत्तर ‘गीतरामायणा’त शोधता येते. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून त्याचे प्रसारण सुरू झाले आणि वर्षभरात ५६ गीते सादर झाली. त्यांतील एका गीतात चित्रकूटावर आलेल्या भरताचे राम सांत्वन करतो. भरत आईवर संतापलेला आहे. राम मात्र वनवासाचा दोष आईलाही देत नाही आणि वडिलांनाही देत नाही. माणूस स्वाधीन नाही, असे तो सांगतो. सागरात दोन ओंडके जवळ येतात आणि लाटेसरशी दुरावतात. माणसांच्या भेटीही तशाच असतात. हा दृष्टान्त वाल्मीकींच्या अयोध्याकांडातही आहे.

रामाच्या या बोलण्याने ‘का?’ या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळत नाही. वनवास टळत नाही. मात्र आपल्या दुःखाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारण्याची गरज उरत नाही. देवाला मोकळेपणाने प्रश्न विचारावा आणि माणसाला क्षमा करावी, असा या तीन गीतांचा एकत्रित अर्थ लावता येतो.

शब्दार्थ

उतरंड – एकावर एक रचलेली मडकी
थापटणे – मडके ठोकून घडवण्याचे लाकडी साधन
ओंडका – झाडाच्या खोडाचा मोठा तुकडा
दृष्टान्त – मुद्दा पटवून देण्यासाठी दिलेले उदाहरण

स्वाध्याय

१. गोरोबांच्या कथेतील कुंभार आणि गदिमांच्या गीतातील कुंभार यांतील फरक लिहा.
२. देवाला ‘तू’ म्हणण्यातून कोणता भाव व्यक्त होतो?
३. रामाच्या बोलण्याने भरताचे समाधान झाले असेल का? तुमचे मत पाच-सहा वाक्यांत मांडा.
४. तुमच्या व्यवसायातील किंवा घरकामातील एखादी वस्तू निवडा. तिच्या आधारे आयुष्याचे वर्णन करा.