सावलीचा रंग

सावलीचा रंग कोणता, असे आम्ही वर्गात विचारले की मुले एकमुखाने ‘काळा’ म्हणतात. मग आम्ही त्यांना वसतिगृहामागे नेतो. चुना दिलेल्या भिंतीवर सकाळी पडणारी लिंबाची सावली निरखून पाहिली, की तीत निळसर झाक दिसू लागते.

कारण सरळ आहे. सावलीत थेट ऊन पोहोचत नाही. निळ्या आकाशाचा उजेड मात्र पोहोचतोच. फ्रान्समधील दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांनी हे नेमके टिपले. १८७४ साली पॅरिसला त्यांचे पहिले प्रदर्शन भरले, तेव्हा त्यांची टवाळीच अधिक झाली. क्लोद मोने यांनी १८९०-९१ मध्ये कापलेल्या पिकाच्या गंजी पुन्हापुन्हा रंगविल्या. गंजी त्याच, प्रहर, ऋतू, धुके मात्र निराळे, आणि त्यानुसार सावल्यांचे रंगही निराळे. त्या चित्रांचा खरा विषय गंजीभोवतीची हवा होय.

हे पाहण्यास पॅरिस गाठावयास नको. हिवाळ्यात पहाटे सांगलीच्या आयर्विन पुलावर उभे राहावे. कृष्णेचा पैलतीर धुक्यात विरघळलेला असतो. साताऱ्यात सायंकाळी यवतेश्वरचा डोंगर जांभळा होतो. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ व रंकाळा या तळ्यांवरचा उजेड असाच रंगविला. १९३१ साली ते निवर्तले. मोठमोठ्या दरबारी चित्रांपेक्षा आम्हांस त्यांचे हे पाणीच अधिक मोलाचे वाटते.

मात्र इतिहासाच्या शिक्षकास येथे थांबता येत नाही. पेशवाईत समोरून सवर्ण येत असता अस्पृश्यास सार्वजनिक रस्त्याने जाण्याची मुभा नव्हती. त्याच्या सावलीनेही विटाळ होई! बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हे नोंदविले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या हायस्कुलात दाखल झालेल्या या विद्यार्थ्यास वर्गातही वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले. तळ्याकाठी बसून उजेड न्याहाळणे दूरच, तळ्यातील पाणी ओंजळीत घेण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. आमच्या आज्यापणज्यांनी पाहिलेली कृष्णा कोणत्याही चित्रात नाही, ही उणीव आम्हांस सलते.

यंदा चित्रकलेच्या तासाला आम्ही रंगपेट्यांतील काळा रंग काढून घेतला आणि मुलांना मैदानावर आपापली सावली रंगविण्यास सांगितले. प्रथम कुरकुर झाली. घंटा झाली तेव्हा कागदांवर निळा, जांभळा, मातीचा तांबूस असे रंग उतरले होते. आठवीतील एका मुलीने सावलीत हिरवाही घातला होता. का, असे विचारता ती म्हणाली, “सर, खाली गवत होतं ना!”