डाळिंबबागेतील फवारणी व गनचा योग्य वापर

म्हसवड व माण तालुक्याचा परिसर हा कमी पावसाचा प्रदेश होय. येथील शेतकरी बागेस पाणी मोजून देतो. औषध फवारतानाही हेच धोरण ठेवणे हिताचे आहे.

गनचे काम झाड भिजविण्याचे नसून औषधाचे बारीक थेंब पानांच्या दोन्ही बाजूंवर बसविण्याचे आहे. पानावरून औषध ओघळू लागले, म्हणजे ते वाया जाऊ लागले असे समजावे. गनची मूठ फिरविली की लांब धार अथवा रुंद फवारा मिळतो. लांब धारेचे थेंब मोठे असल्याने ते पानावर टिकत नाहीत. यास्तव झाडाजवळ जाऊन रुंद फवाराच वापरावा. छिद्र झिजलेले नोझल जास्त औषध सोडते. ते वेळीच बदलावे.

औषध कालविण्यापूर्वी नुसते पाणी फवारून मोजमाप घ्यावे. समजा, 10 झाडांस 15 लिटर पाणी लागले. एकरी 300 झाडे असल्यास 450 लिटर पाणी लागेल. लेबलावर लिटरला 1 मिलिलिटर मात्रा असल्यास एकरास 450 मिलिलिटर औषध पुरे. बुचाने अंदाजे माप घेऊ नये, व शिफारस नसताना दोन औषधे एकत्र करू नयेत.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. कपाशी त्या वर्षी पुष्कळ उंच वाढली होती व फवारा अंगावर येत होता. डाळिंबाच्या झाडावर गन उंच धरली असता हाच धोका संभवतो. म्हणून पुढील नियम कटाक्षाने पाळावेत :

1. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस तोंड करून फवारू नये. फवारणी सकाळी अथवा सायंकाळी, वारा शांत असताना करावी.
2. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा व तोंडावर मास्क असावा.
3. उपाशीपोटी फवारणी करू नये. काम चालू असता तंबाखू खाऊ नये.
4. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये. मऊ ब्रशने साफ करावे.
5. डब्यावरील लाल त्रिकोण अतिविषारी औषधाची खूण होय.
6. रिकामे डबे तीन वेळा धुऊन ते पाणी टाकीतच ओतावे व डबे निकामी करावेत.

मळमळ, घाम अथवा अंधूक दिसणे ही लक्षणे आढळताच काम थांबवावे, अंगावरील कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि रोग्यास औषधाच्या डब्यासह त्वरित दवाखान्यात न्यावे. डब्यावरील नाव पाहून डॉक्टरांस उपचार ठरविणे सोपे जाते. ग्रामसेवक व कृषी सहायकांनी हंगामापूर्वी गावात नुसत्या पाण्याने फवारणीचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. मजुरांस त्यात अवश्य सामील करून घ्यावे, कारण गन बहुधा त्यांच्याच हाती असते.