‘स्वयंसिद्ध’ सत्ये आणि नैसर्गिक हक्क

राज्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा बहुधा एका परिच्छेदात आटोपलेला असतो. ४ जुलै १७७६ ही तारीख, थॉमस जेफरसन हे नाव आणि जीवित, स्वातंत्र्य व सुखाचा शोध हे तीन हक्क एवढे पाठ केले की परीक्षेपुरते काम भागते. परंतु या जाहीरनाम्यातील एका शब्दापाशी थांबल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. तो शब्द म्हणजे ‘स्वयंसिद्ध’. सर्व माणसे समान आहेत हे सत्य तेथे स्वयंसिद्ध मानले आहे. वस्तुतः त्या काळी राजा आणि प्रजा, धनी आणि गुलाम हे भेद सर्वत्र डोळ्यांना दिसत होते. अशा वेळी समतेला स्वयंसिद्ध म्हणण्यात अर्थ काय? प्रस्तुत लेखात मी या प्रश्नाचा विचार करणार आहे.

जेफरसनच्या आरंभीच्या मसुद्यात हा शब्द नव्हता. तेथे ही सत्ये पवित्र व निर्विवाद असल्याचे म्हटले होते. पुढे ते शब्द खोडून त्यांच्या जागी ‘स्वयंसिद्ध’ हा शब्द आला. हा बदल केवळ भाषेच्या सफाईसाठी झाला असे मला वाटत नाही. ‘पवित्र’ हा शब्द श्रद्धेची अपेक्षा ठेवतो. ‘स्वयंसिद्ध’ हा शब्द भूमितीतून येतो. युक्लिडची भूमिती काही मूळ तत्त्वांपासून सुरू होते. पूर्ण वस्तू तिच्या भागापेक्षा मोठी असते, हे त्यांपैकी एक. त्याची सिद्धता कोणी मागत नाही, कारण पुढच्या सर्व सिद्धता त्याच्याच आधारावर उभ्या असतात.

येथे इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक याची मदत होते. लॉकच्या मते कोणतेही ज्ञान माणूस जन्मतः बरोबर घेऊन येत नाही; तरीही काही विधाने अशी असतात की, त्यांतील शब्दांचा अर्थ कळताच त्यांची सत्यता पटते. ‘पूर्ण’ आणि ‘भाग’ म्हणजे काय हे ज्या मुलाला ठाऊक नाही त्याला वरील तत्त्व कळणार नाही. पण म्हणून ते खोटे ठरत नाही. तेव्हा स्वयंसिद्ध म्हणजे सर्वांना दिसणारे असा अर्थ घेता येत नाही. ज्याला दुसऱ्या कशाचा आधार लागत नाही ते स्वयंसिद्ध होय. ‘माणूस’ या शब्दाचा अर्थ ज्याला कळला, त्याला एक माणूस दुसऱ्याचा जन्मजात मालक असू शकत नाही हेही कळले पाहिजे, असा हा युक्तिवाद आहे. समता म्हणजे बुद्धी, बळ किंवा संपत्ती यांची समानता असे त्यात कोठेही अभिप्रेत नाही.

वसाहतींना या युक्तिवादाची गरज का पडली, हेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटिश पार्लमेंटशी कराविषयी वाद चालू होता तोवर वसाहतींतील लोक मुख्यतः इंग्रज प्रजाजन म्हणून आपले हक्क मागत होते. जुन्या सनदा, इंग्लंडची राज्यघटना यांचा ते आधार घेत. १७७४ च्या काँग्रेसने निसर्गाच्या कायद्याबरोबर हे आधारही सांगितले होते. परंतु इंग्लंडशी नातेच तोडावयाचे ठरल्यावर इंग्रजांचे हक्क कोणत्या तोंडाने मागावयाचे? राजाने दिलेली सनद राजा परत घेऊ शकतो. म्हणून ज्यांना कोणत्याही राजाची मोहोर लागत नाही अशा हक्कांपर्यंत जाणे भाग पडले. नैसर्गिक हक्क ते हेच.

जाहीरनाम्याची मांडणीही याला अनुसरून आहे. माणसे समान आहेत. त्यांचे काही हक्क अविभाज्य आहेत, म्हणजे ते कोणी काढून घेऊ शकत नाही व स्वतः माणूसही ते कायमचे देऊन टाकू शकत नाही. या हक्कांच्या रक्षणासाठी शासन असते व त्याची सत्ता शासितांच्या संमतीतून येते. शासनच हक्कांचा नाश करू लागले तर ते बदलण्याचा अधिकार जनतेला आहे. एवढे सांगितल्यावर तिसऱ्या जॉर्ज राजाविरुद्धच्या तक्रारींची लांबलचक यादी येते. तक्रारींना पुरावा लागतो, म्हणून त्या जगापुढे मांडल्या आहेत. मूळ तत्त्वांसाठी मात्र पुरावा दिलेला नाही.

आता या जाहीरनाम्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप. तो लिहिणाऱ्या जेफरसनने आपल्या आयुष्यात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा उतारा त्याच्या मसुद्यात होता. काँग्रेसने तो गाळला. व्हर्जिनियात त्याच वर्षी जून महिन्यात जॉर्ज मेसनचा हक्कांचा मसुदा चर्चेला आला, तेव्हा सर्व माणसे स्वतंत्र आहेत या वाक्याने गुलामही मोकळे होतील, अशी धास्ती गुलामांच्या मालकांना वाटली. मग माणसे ‘समाजात प्रवेश करतात तेव्हा’ अशा आशयाची पुस्ती जोडण्यात आली, म्हणजे गुलाम समाजाबाहेरचे ठरवावयास वाट मिळाली. मला ही घटना फार बोलकी वाटते. त्या वाक्यातून पुढे काय निघणार, हे मालकांना चांगलेच उमगले होते.

आणि पुढे तसेच घडले. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या राज्यघटनेत माणसे जन्मतः स्वतंत्र व समान असल्याचे कलम होते. दुसऱ्याच वर्षी एलिझाबेथ फ्रीमन या गुलाम स्त्रीने न्यायालयात दावा लावून आपले स्वातंत्र्य मिळविले. १८४८ मध्ये सेनेका फॉल्स येथे जमलेल्या स्त्रियांनी जेफरसनचीच मांडणी उचलून ‘पुरुष’ या शब्दाशेजारी ‘स्त्रिया’ हा शब्द ठेवला.

गुलामगिरीच्या समर्थकांपुढे दोनच मार्ग उरले होते. पहिला मार्ग सेनेटर कॅलहूनने घेतला. माणसे जन्मतः स्वतंत्र व समान असतात हे विधानच खोटे आहे, कारण जन्माला येतात ती परावलंबी अर्भके, असे त्याने १८४८ मध्ये सांगितले. दुसरा मार्ग सरन्यायाधीश टॅनी याने १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात स्वीकारला. विधान खरे, पण त्यातील ‘माणसे’ या शब्दात कृष्णवर्णीय येत नाहीत, असे त्याचे म्हणणे. अब्राहम लिंकनने त्याच वर्षी याला उत्तर दिले. जाहीरनाम्याच्या कर्त्यांनी समता प्रत्यक्षात आली असे म्हटले नव्हते. ज्याच्याकडे समाजाने सतत वाटचाल करावी असा मानदंड त्यांनी घालून दिला होता, असा त्या उत्तराचा आशय होता. युक्लिडची सहा पुस्तके लिंकनने स्वतः अभ्यासली होती. म्हणूनच १८६३ च्या गेटिसबर्गच्या भाषणात त्याने समतेला ‘स्वयंसिद्ध’ न म्हणता जवळजवळ प्रमेय या अर्थाचा शब्द योजला, याला मी महत्त्व देतो. प्रमेय सिद्ध करून दाखवावे लागते, आणि त्या युद्धात राष्ट्र ती सिद्धता देत होते.

१८६५ मध्ये घटनादुरुस्तीने तेथील गुलामगिरी संपली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला तो याच कार्याच्या गौरवार्थ. टॉमस पेनचे मानवी हक्कांवरील पुस्तक त्यांच्या वाचनात होते. माणूस म्हणून मिळणाऱ्या हक्कांना सनद लागत नाही, हा विचार पुण्यातही पोचला होता.

नैसर्गिक हक्कांवर जेरेमी बेंथॅमचा आक्षेप प्रसिद्ध आहे. त्याच्या मते हक्क कायद्यातून जन्मतात; कायद्यापूर्वीचे हक्क ही निव्वळ बडबड आहे. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. न्यायालय व शिपाई नसेल तर हक्क कागदावरच राहतो. पण बेंथॅमचे म्हणणे पूर्णपणे मान्य केले तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने स्थानबद्धांना दाद मागण्याचा मार्ग बंद केला. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी एकट्याने भिन्न मत नोंदविले. घटनेतील कलम २१ हेच जीविताच्या हक्काचे एकमेव उगमस्थान आहे, हे त्यांना मान्य नव्हते. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा निर्णय चुकीचा ठरविला आणि जीवित व स्वातंत्र्य हे हक्क राज्याने दिलेले दान नव्हे, असे मानले.

या साऱ्या विवेचनातून माझ्यापुरता मी एवढा निष्कर्ष काढतो. कायदा हक्काचे रक्षण करतो, पण हक्काचे कारण माणूसपण हेच आहे. जाहीरनाम्याने ही सत्ये स्वयंसिद्ध आहेत एवढेच म्हटलेले नाही. आम्ही ती तशी मानतो, असे म्हटले आहे. भूमितीतील तत्त्व कोणी न मानले तरी त्रिकोणाचे काही बिघडत नाही. समतेचे तत्त्व मानणारे उरले नाहीत तर मात्र माणसांचे बिघडते. म्हणून ‘माणूस’ या शब्दातून आज आपण कोणाला वगळत आहोत, हा प्रश्न प्रत्येक पिढीने स्वतःला विचारला पाहिजे, आणि आपल्या वर्गांतूनही त्याची चर्चा व्हावी, असे मला वाटते.