रिपोर्टमधली ठळक अक्षरं

थकवा काही केल्या जात नाही म्हटल्यावर आता बहुतेक घरांत आधी रक्त तपासलं जातं. सकाळी उपाशीपोटी लॅबचा माणूस रक्त घेऊन जातो, संध्याकाळपर्यंत मोबाइलवर पंधरा-वीस पानांची पीडीएफ येते आणि आपण तिच्यात ठळक छापलेले आकडे शोधू लागतो. एखादा सापडला की थकव्याचं कारण मिळालं. एकही नसला की ‘सगळं नॉर्मल आहे, उगाच मनाचे खेळ’ म्हणून विषय मिटला. माझ्या मते ही दोन्ही वाचनं एकाच जागी फसतात. आकडा ठळक करायचा की नाही हे लॅबचं यंत्र एका पट्ट्याकडे बघून ठरवतं. तुमचं वय, पाळी, आहार, चालू औषधं, मागच्या वर्षीचा आकडा यांतलं बहुतेक काही त्याला माहीत नसतं.

हा पट्टा बऱ्याच चाचण्यांमध्ये असा ठरतो: निरोगी माणसांचे आकडे गोळा करायचे आणि मधले ९५ टक्के जिथे बसतात तेवढा भाग ‘नॉर्मल’ म्हणून छापायचा. म्हणजे प्रत्येक चाचणीत शंभरातली पाच धडधाकट माणसं बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या, तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा ठळक येण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या घरात जाते. ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये तर साठ-सत्तर चाचण्या असतात. यावर कोणी म्हणेल, जास्त तपासलं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते पुढच्या उपचारात. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच किंचित वाढलेलं आणि टी-फोर नॉर्मल, हा थकलेल्या माणसाच्या रिपोर्टमधला नेहमीचा प्रकार. गोळी सुरू होते आणि वर्षानुवर्षं चालू राहते. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत अशाच ६५ वर्षांवरच्या ७३७ लोकांपैकी काहींना थायरॉइडची गोळी आणि काहींना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी दिली, तेव्हा वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या थकव्यात फरक दिसला नाही. टीएसएच दहाच्या वर असेल किंवा बाई गरोदर असेल, तर हिशेब वेगळा. एरवी काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा करून बघणं, हा मला गोळीपेक्षा शहाणा मार्ग वाटतो.

उलट बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथे माणसाला खोटं पाडलं जातं. बाईचं हिमोग्लोबिन १२.१ आलं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या १२ च्या रेषेवर ती पास होते. पण शरीर आधी लोहाचा साठा संपवतं आणि हिमोग्लोबिन मग उतरतं. साठा कळतो फेरिटिनवरून, आणि साध्या सीबीसीत फेरिटिन नसतं, ते वेगळं सांगावं लागतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात रक्तक्षय नसलेल्या, पण फेरिटिन ५० च्या खाली असलेल्या थकलेल्या स्त्रियांना बारा आठवडे लोह दिलं. त्यांचा थकवा सुमारे ४८ टक्क्यांनी उतरला. बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांचाही २९ टक्क्यांनी उतरला. (हा दुसरा आकडाही लक्षात ठेवावा, टॉनिकांचा धंदा त्याच्यावरच चालतो.) फेरिटिनही एकटं वाचून चालत नाही. अंगात ताप किंवा सूज असेल तर ते फुगतं. म्हणून २०२० पासून जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढासाठी १५ ची रेषा मानते, पण संसर्ग किंवा दाह असलेल्यासाठी ७० ची. सोबत दाह दाखवणारं सीआरपी पाहिलं तर हा फुगवटा ओळखता येतो.

एमसीव्हीचं, म्हणजे तांबड्या पेशींच्या सरासरी आकाराचंही तसंच. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान होतात, बी-१२ कमी पडलं की मोठ्या. दोन्ही कमी असतील तर सरासरी मधोमध, म्हणजे ‘नॉर्मल’ येऊ शकते. आपल्याकडे हा पेच पुस्तकी नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मांडलेल्या अभ्यासात ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश पुरुषांचं बी-१२ कमी निघालं होतं. शाकाहार आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं घेतलेलं मेटफॉर्मिन, ही दोन्ही कारणं घरोघरी आहेत. मग लोह आणि बी-१२ न तपासताच का घेऊ नये, गोळ्या तर स्वस्त आहेत, असा सवाल येतो. कारण अंदाजाने घेतलेली गोळी चुकू शकते. बी-१२ च्या कमतरतेत नुसतं फोलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांची हानी आत चालूच राहते. थॅलेसेमिया मायनर असलेल्याचा एमसीव्हीही कमीच असतो, पण तांबड्या पेशींची संख्या मात्र भरपूर असते. त्याला कमतरता नसताना लोह देऊन उपयोग नाही. केसांसाठीच्या गोळ्यांतलं बायोटिन काही यंत्रांवर टीएसएच खोटं कमी दाखवतं. आणि तपासणीआधीच गोळ्या सुरू केल्या, तर मूळ कमतरता किती होती हे नंतर सांगता येत नाही.

हे सगळं डॉक्टरांनी बघायचं, आपण कशाला, हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. निदान त्यांचंच. पण गर्दीच्या ओपीडीत त्यांच्यापुढे जे ठेवाल तेवढंच ते जोडून बघू शकतात: जुने रिपोर्ट तारखेनुसार, चालू गोळ्यांची यादी, पाळीत रक्तस्राव किती होतो, जेवणासोबत चहा होतो का, घोरणं आणि दिवसाची झोप आहे का. घोरण्यातून होणारा श्वासरोध, नैराश्य आणि ॲलर्जीच्या गोळ्यांची गुंगी यांचा थकवा नेहमीच्या रक्ततपासणीत दिसत नाही, म्हणून तो तोंडानेच सांगावा लागतो. वजन आपोआप घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल किंवा शौचाला काळं होत असेल, तर पॅकेजच्या सवलतीची वाट बघू नये. आणि पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं फेरिटिन कमी आलं, तर लोहाच्या गोळीची चिठ्ठी घेऊन उठू नये. पोटात किंवा आतड्यात कुठे रक्त जातंय का, हे कसं आणि कधी बघायचं ते त्याच बैठकीत विचारावं.